नानांच्या चुका

१२ फेब्रुवारी
दादा दवाखान्यातून घरी आला. अर्धांगवायूनं उजवी बाजू गेली, वाचा गेली. जन्मभर वेद म्हणणारं तोंड. आता पाणीसुद्धा कोपऱ्यातून ओघळतं. डॉक्टर म्हणाले, "समझ कितनी बची है, अभी कह नहीं सकते." म्हणजे माणूस आणलाय, आत कोण आहे ते ठाऊक नाही. वहिनी देवापुढून हलत नाही. माझा देवाशी अबोला. दोघींपैकी एकीनं स्वयंपाक करायला हवाच.

१९ फेब्रु.
दादाचा डावा हात सारखा हलतो. वर, खाली, आडवा. पंखा लावला. बंद केला. पाणी, भांडं, उशी. थांबेना. शेवटी ओरडले, "अरे, हवंय तरी काय तुला?" मग मोरीत जाऊन रडले. वर्तमानपत्रात दर आठवड्याला जगाची टिंगल करणारी बाई. असो.

३ मार्च
दारात नानागुरुजी! ब्रह्माघाटाचे स्वरांचे दरोगा, चुका पकडणारे फौजदारच. भर वेदसभेत दादाचा स्वर चुकला, तो ह्यांनीच पकडला होता. तेव्हापासून दादासमोर त्यांचं नाव काढायची चोरी.
"आता काय पकडायला आलात?" मी.
नाना सरळ दादाच्या खाटेशी बसले, हात बघत राहिले. मी पंखा बंद करायला उठले. मग म्हणाले, "अगं शकू, पंखा कसला बंद करतेस! म्हणतोय तो. स्वर आहेत हे."
हातानं स्वर दाखवत वेद म्हणतात, हे लहानपणापासून बघतेय. पण उजव्या हातानं! डाव्या हातानं देवाला फूलही न वाहणारा दादा डाव्या हातानं वेद म्हणेल, हे माझ्या टाळक्यात कसं यावं?
नाना म्हणू लागले. हात बरोबर चालला. आत दादाच आहे.

११ मार्च
नाना रोज येतात. आज त्यांचा स्वर चुकला. दादानं फाडकन त्यांच्या गुडघ्यावर चापट मारली. वहिनी हसली, कितीतरी दिवसांनी.
"काय नाना, दरोगाच चोर?"
"वय झालं गं."

१५ मार्च
रोज चूक, रोज नवी जागा. जिन्यात गाठलं. "मुद्दाम करता ना?"
"हळू बोल. ऐकेल तो."
उभ्या जन्मात न चुकल्याचा तोरा मिरवलेला माणूस! ह्यांच्यावर आता काय लिहू?

ऑगस्ट, तारीख बघितली नाही
गंगा गल्लीत शिरलीय. वीज नाही, दूध नाही. वहिनीला ताप. नानांची नाव सरळ आमच्या खिडकीला लागली. धोतर खोचून आत. "आज दोन चुका करतो, कालची राहिलीय." मी सकाळपासून खिडकीत वाट बघत उभी होते, ते काही त्यांना सांगितलं नाही.

२० नोव्हेंबर
दादाला पुन्हा झटका. हात गप्प.

८ डिसेंबर
हात हलला! थोडा.

९ डिसेंबर
नाना चुकले. चापट नाही. पुन्हा तिथंच चुकले, मोठ्यानं. दादानं त्यांच्याकडे बघितलं, हात उचलला आणि अलगद त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. तसाच.
नाना जिन्यात बसले. "शकू, त्याला कळलं नाही का? की माफ केलं मला?"
मी त्यांना पाणी आणून दिलं.
"उद्या वेगळी चूक करतो."
"कुठली?"
"त्याची. सभेतली. ती तो विसरायचा नाही."
"लवकर या," म्हटलं.
आमटी चुलीवरून उतरवली आणि देवापुढे वहिनीशेजारी जाऊन बसले. बोलले नाही अजून.