विडीशिवाय चहा

मंगळवार, संध्याकाळ. खामगाव.

विडी सोडून आठवडा झाला. दिवस कसाबसा निघतो, पण कापसाच्या जिनिंगमधून सुटल्यावर टपरीवर चहाचा ग्लास हातात आला की दुसरा हात आपोआप शर्टाच्या खिशात जातो. आजही गेला. खिसा रिकामा.

इतकी वर्षं सलीम आणि मी एकाच काडीवर दोघांच्या विड्या पेटवल्या. आता तो चहा घेऊन पलीकडच्या लिंबाखाली जाऊन बसतो. रागावला की काय? आज विचारलंच. "दूर काऊन बसून राह्यला बे?"

"तुले तलफ येईल म्हणून."

"तलफ सहन होते. एकट्यानं चहा घशाखाली जात नाही."

त्यानं अर्धी विडी विझवली आणि शेजारी येऊन बसला. मग दोघंही गप्प. विडी नसली की आम्हाला बोलताच येत नाही का? माझा हात पुन्हा खिशाकडे. त्यानं पाहिलं.

मग म्हणाला, "वहिनी वारल्यापासून राती जेवतो ना तू?"

"हाव," मी म्हणालो.

घरचं त्यानं पहिल्यांदाच विचारलं, आणि मी खोटं बोललो. म्हणून घरी आल्याबरोबर खिचडी टाकली. आता शिजतेय.