मास्क साध्या पाण्याने धुतला आहे

अहो,

मी बिबवेवाडीला दीपमालाकडे जाते आहे. चहा थर्मासमध्ये आहे. गालांवरच्या चट्ट्यांना मलम लावा आणि खाजवू नका.

चारची वाफ चुकवू नका. वाफेचा मास्क आज मी जंतुनाशकातून काढून तीनदा साध्या पाण्याने धुतला आहे. सकाळी डॉक्टरांनी तो नुसता नाकाशी धरला आणि मला विचारलं, "औषधातून काढल्यावर पाण्याने धुता ना?" धुतला तर जंतुनाशकाचा गुण जातो, हे माझंच शास्त्र. त्या जंतुनाशकाचीच तुमच्या कातडीला ॲलर्जी आहे.

माझी पाठ वळली की दीपमाला तुम्हाला वाफ द्यायच्या आधी मास्क नळाखाली धरायची. मी पकडलं तेव्हा म्हणाली, "काकू, याचा वास जात नाही हो." मी तिला अडाणी म्हटलं. तिने धुणं बंद केलं आणि आठवड्यात तुमच्या गालांवर चट्टे उठले. मग तिच्याच हातांना काहीतरी असणार म्हणून मी ते उलटेपालटे करून तपासले आणि तिला कामावरून काढलं. ती गेली, चट्टे राहिले.

माफी फोनवर मागणार नाही. तिचे हात मी तुमच्या पलंगाशी उभं राहून तपासले होते, माफीही तिथेच मागेन. ती यायला तयार झाली तर.

त्या दिवशी तुम्ही झोपेचं सोंग घेतलंत. आज जागे राहा.

आनंदी