हंगामी माणसाचा नेम

तीर्थस्वरूप ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. (उजवा गुडघा आठवडाभर वाकायला तयार नाही, तेव्हा आठातलं एक अंग वजा करून सात अंगांनीच घालतो आहे, गोड मानून घे.) तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचा खोकला थांबला, की घरच्यांना त्याची सवय झाली? इकडे सगळं ठीक. पत्राला कारण असं काही नाही, सहजच लिहितो आहे. (धाकटा भाऊ सहज पत्र लिहितो यावर तुझा विश्वास बसणार नाही, पण शेवटपर्यंत वाच.)

तू अजून लोकांना सांगतेस की माझा भाऊ कॉलेजात प्रोफेसर आहे. एकदा खरं काय ते ऐकून ठेव. मी तिथे गेलो होतो प्रयोगशाळेत नळ्या धुण्याच्या जागेसाठी. मुलाखत चालू असताना डोक्यावरची ट्यूबलाइट फडफडायला लागली. मी उठलो आणि स्टूल न घेता हात वर करून ती नीट बसवली. प्राचार्य बराच वेळ आधी ट्यूबकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "तुम्ही मुलींना बास्केटबॉल शिकवा." त्या खेळातलं मला एवढंच ठाऊक होतं की त्यातल्या टोपलीला बूड नसतं. बिनबुडाच्या उद्योगात पडू नकोस असं आई म्हणायची, ते बहुधा यालाच.

नेमणुकीच्या कागदावर लिहिलं होतं, "हंगामी प्रशिक्षक". मी समजलो, खेळाला हंगाम असतो म्हणून प्रशिक्षक हंगामी, आणि कौतुकाने चार जणांना सांगत सुटलो. पुढे हेडक्लार्कने माझे डोळे उघडले, की हंगामी म्हणजे तात्पुरता. तर असा तात्पुरता होऊन मला एकोणीस वर्षं झाली. (तेवढ्या काळात तीन कायम प्राचार्य निवृत्त झाले आणि एक कायम इमारत पाडावी लागली.) दरवर्षी मला कायम करा म्हणून मी अर्ज करतो आणि दरवर्षी त्याला केराची टोपली दाखवली जाते. आमच्या कॉलेजात अचूक नेम कुणाचा असेल तर तो हेडक्लार्कचा. बसल्या जागेवरून टाकतो, कडेला न लागता आत.

या वर्षी मात्र प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, "चषक आणा, कायम करतो. नाही आणलात, तर त्या मैदानावर गाड्यांची शेड घालायची आहे." माझ्या मुली गुणी आहेत ग, पण एकीला चेंडू अंगावर आला की डोळे मिटायची सवय, आणि दुसरी, चेंडू कुणाला लागला तर तिची माफी मागून, तिला पाणी देऊन मगच पुढे पळते. तरी पहिला सामना आम्ही जिंकलो, कारण समोरच्यांची बस बंद पडली. उपांत्य सामना आमच्याच मैदानावर होता. त्याच्या आदल्या दिवशी संस्थेचे अध्यक्ष पाहणीला आले. त्यांनी मान वर करून पाहिलं आणि वहीत शेरा मारला, "दोन्ही जाळ्यांना खालून भोक आहे. तातडीने शिवून घ्यावे." आमचा शिपाई बाकी कशात तातडी करत नाही, पण लेखी शेऱ्यापुढे त्याचा इलाज नसतो. त्याने सुतळीने दोन्ही जाळ्या अशा शिवल्या की आत धान्य भरून ठेवावं.

दुसऱ्या दिवशी पहिलाच चेंडू आत गेला आणि आतच राहिला. पंचांनी कात्री मागितली. शिपाई म्हणाला, "शिवायचा शेरा आहे साहेब, कापायचा दाखवा." मग प्रत्येक बास्केटनंतर शिडी, झाडूचा दांडा आणि शिपाई असा क्रम सुरू झाला. समोरच्या मुली वाऱ्यासारख्या पळणाऱ्या; त्यांना इतकं थांबून राहायची सवय नाही, त्या चिडल्या आणि त्यांचे नेम बिघडले. आमच्या मुलींना थांबण्याचाच सराव. दोन गुणांनी आम्ही जिंकलो. (वर्तमानपत्रात "प्रशिक्षकाची संथ खेळाची चाल" असं छापून आलं आहे, कात्रण सोबत जोडलं आहे.)

आता शनिवारी अंतिम सामना, त्यांच्या मैदानावर, उघड्या जाळ्यांत. समोर कोणतं कॉलेज आहे हे मी सांगायला नको, कारण त्यांची कर्णधार रोज तुझ्याच घरी जेवते. तिला नेम धरायला मीच शिकवलं. तुझ्या नव्या बादलीचं बूड कापून मी ती परसातल्या भिंतीवर ठोकली होती आणि तू आठ दिवस माझ्याशी बोलली नव्हतीस. स्वतःच्या हाताने पायावर धोंडा म्हणतात तो हा. माझा मात्र बादलीच्या आकाराचा निघाला.

भाऊजींना नमस्कार, भाचीला अनेक आशीर्वाद.

तुझा (निदान इथे तरी कायम)
धाकटा भाऊ

ता. क. : शनिवारी तिला घरी ठेवता येईल का? फक्त संध्याकाळपर्यंत. शाळा बुडवायची असली की तुला फार सुरेख चक्कर यायची, ती एकदा आणून बघ. लेक आईला टाकून जायची नाही. मला निवृत्तीला चारच वर्षं राहिली आहेत ग.

आणखी ता. क. : वरचं काल लिहिलं होतं, ते वाचू नकोस. आज दुपारी मी त्यांच्या मैदानाच्या भिंतीआडून तिचा सराव पाहून आलो. (सहा फुटी माणसाने पाच फुटी भिंतीआड लपायचं, म्हणून तो गुडघा आता पुरताच गेला.) ताई, काय खेळते ग पोरगी! फक्त दमली की उजवं कोपर बाहेर पडतं आणि चेंडू डाव्या कडेला लागतो. बादलीच्या वेळेपासूनची खोड आहे. तिला म्हणावं, कोपर आत. कुणी सांगितलं ते बोलू नकोस. आणि चेंडू आत पडल्यावर समोरच्या बाकाकडे अजिबात बघू नकोस, एवढंही सांग. तिथे मला तोंड पाडून बसायचं आहे. ती बघून हसली तर ते जमायचं नाही.