करवंटीची नखी

भोसरी,
गुरुवार, २८ नोव्हेंबर २०२४

प्रिय बाळू,

नमस्कार. 'अनेक आशीर्वाद' असं लिहायला घेतलं होतं, पण तुला आशीर्वाद द्यायला मला तोंड उरलेलं नाही, म्हणून नमस्कारावर भागवतो. तू माझा नंबर ब्लॉक केलास ते बरंच झालं. फोनवर मी आणखी चार खोट्या गोष्टी बोललो असतो.

इकडे सगळं ठीक. आज गुरुवार, कंपनीला सुट्टी, आणि लाइट सकाळी नऊलाच गेलीय. आप्पांचे गुडघे थंडीनं धरलेत. दिवसभर ओट्यावर उन्हात खुर्ची टाकून बसतात आणि येता-जाता विचारतात, "हर्षालीचा भाऊ लई दिवसांत आला न्हाई रं?" मी सांगतो, शिफ्ट चालू आहे त्याची. मामांचा दमा कसा आहे? मामींना नमस्कार सांग, त्या घेणार असतील तर. हर्षाली बरी आहे. म्हणजे बरी नाही, पण त्यावर पुढे येतो.

या पत्रासोबत तुझी गिटार येतेय. सहा महिने आमच्या भिंतीवर होती. मान सरळ झालीय. पोट आणि मानेच्या सांध्यात पितळेची पातळ पट्टी घातली, आता तारा फळीपासून फार वर राहत नाहीत. काम फर्स्ट क्लास झालंय, मीच केलंय म्हणून सांगत नाही.

बाळू, आपण त्या गिटारीवरून किती भांडलो, आठवतं का? माझी बघ, तीन वर्षांपूर्वी ऑनलाइन मागवलेली. कंप्युटरच्या सीएनसी मशीनवर कापलेली, सगळ्या पट्ट्या सुतात, एकदा सुरात लावली की आठवडाभर बघायला नको. आणि तुझी? पन्नास वर्षांपूर्वीची कलकत्त्याची बनावट. अण्णासाहेब आकुर्डीच्या कामगार ऑर्केस्ट्रात वाजवायचे, त्यांची बोटं आखडली तेव्हा त्यांनी तुला दिली. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात तडकते, आणि तारा इतक्या ताठ की तासाभरात बोटांना घट्टे. मी म्हणायचो, भंगारात घाल ती. तू म्हणायचास, "दाजी, तुमची गिटार म्हणजे कंपनीचा जॉब हाय. शंभर काढा, शंभर सारखे. हिचं लाकूड वाळतंय तसतशी हिला वाचा फुटतीय." मी हसायचो. लाकडाला कसली वाचा? फिटर माणूस मी, मोजता येत नाही ते मला पटत नाही.

तर ते पटलं, एवढं सांगायचं होतं. दोन्ही गिटारी शेजारी शेजारी टांगल्यात. हर्षाली आत ताट ठेवते, आप्पा खोकतात, रस्त्यानं टेम्पो जातो, प्रत्येक वेळी तुझी बारीक गुणगुणते. माझी ढिम्म. एकदा खाली काढून धरायला गेलो. पहिल्या तीन पट्ट्यांच्या मधे लाकडात खळगे पडलेत, आधी अण्णासाहेबांच्या बोटांचे, मग तुझ्या. माझी बोटं त्यात बसेनात. परत टांगून ठेवली, पुन्हा हात लावला नाही.

गिटारीबरोबर एक वस्तू यायला हवी होती, ती येत नाहीये. अण्णासाहेबांनी करवंटी घासून केलेली नखी. माझ्या प्लास्टिकच्या नख्या बाजारात डझनावारी मिळतात. तुला त्या चालायच्या नाहीत, तुझ्या तारांवर त्या वाकतात म्हणायचास. करवंटीची कडक, काळपट, पातळ काठाची नखी चाकणच्या अख्ख्या प्लांटमध्ये एकाच माणसाकडे होती. गणपतीच्या कार्यक्रमात सगळ्यांनी ती पाहिलेली. ती आता कंपनीच्या ऑफिसात पाकिटात बंद आहे, हे तुला माहीत आहे.

पुढचंही सगळं तुला माहीत आहे. तरी लिहितो, कारण हे पत्र फक्त तुझ्यासाठी नाही. ते तुझ्या वकिलाला दे. त्यालाही समजेल असं पहिल्यापासून सांगतो.

मी कंपनीत मेंटेनन्सला फिटर, तू माझ्या शब्दावर प्रेसवर लागलास. तुझी पत्रा दाबायची प्रेस शंभर टनी, जुनी. तिला दोन बटणं. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच वरचा लोखंडी साचा, डाय, खाली येतो, म्हणजे हात आत राहायचा प्रश्नच नाही. पण त्यात वेळ जातो. डावं बटण दाबलेल्या अवस्थेत अडकवून ठेवलं की एका हातानं मशीन चालतं आणि डावा हात पत्रा आत सरकवायला मोकळा राहतो. नव्या प्रेसवर हे जमत नाही. बटण अडकलेलं तिला कळतं, ती जागची हलत नाही. जुन्या प्रेसला कळत नाही. नव्याचं एवढं कौतुक करणारा मी, आणि त्या दिवशी मला जुनी प्रेस सोयीची वाटली.

सोमवार, १० जून. गिटार आदल्या गुरुवारी तू दुरुस्तीला आमच्याकडे ठेवून गेला होतास, नखी तिच्या तारांत खोचलेली. सकाळी मी निघताना हर्षालीनं ती काढली आणि माझ्या शर्टाच्या खिशात घातली. म्हणाली, "बाळूला द्या, हिच्यावाचून त्याला करमणार नाही." कंपनीत गेलो तर माल कमी पडत होता, साहेब डोक्यावर बसलेले. म्हणाले, "काहीतरी करा, शनिवारपर्यंत भागवा." काय करायचं ते त्यांनी तोंडानं सांगितलं नाही. ते कधीच सांगत नाहीत. मी खिसा चाचपला. डाव्या बटणाच्या फटीत नखी अशी काही आत बसली, की बाहेरून दिसेना, जणू तिथलीच. प्लास्टिकची असती तर तासाभरात निसटली असती.

तुला द्यायची वस्तू मी तुझ्याच मशीनला घातली रे.

मंगळवारी दुपारी तुझी शिफ्ट होती. आल्या आल्या साहेबांना विचारलंस, बटण असं का? ते म्हणाले, मेंटेनन्सनं केलंय, चालव. मेंटेनन्सनं म्हणजे दाजीनं. दाजीनं केलंय म्हणजे नीटच असणार, असंच तुझ्या मनात आलं असेल ना? मी स्टोअरला होतो. ओरडण्याचा आवाज आला तेव्हा वाटलं, कुणीतरी मस्करी करतंय. डाव्या हाताचं पहिलं आणि मधलं बोट. त्या खळग्यांत बसणारी नेमकी तीच दोन.

चौकशीची पहिली बैठक ऑगस्टमध्ये झाली. टेबलाच्या एका बाजूला तू, समोर साक्षीदार म्हणून मी. अधिकाऱ्यांनी पाकीट पुढे सरकवलं आणि तुला विचारलं, "ही वस्तू कुणाची?" तू नखीकडे पाहिलंस, मग माझ्याकडे. गुरुवारपासून ती कुणाच्या घरी होती, हे त्या खोलीत दोघांनाच ठाऊक होतं. तू म्हणालास, "माझीच हाय." बास. मग माझ्यापुढे कागद आला: कामगारानं उत्पादन वाढवण्यासाठी स्वतःची वस्तू बटणात अडकवून सुरक्षा निकामी केली. मी सही केली, बाळू. सरळ केली. तू बहिणीच्या संसाराकडे बघून गप्प बसलास, आणि मी त्या गप्प बसण्यावर चार महिने पगार उचलला. घरी येऊन हर्षालीला सांगितलं, बाळूनं घाई केली, ऐकतो कुणाचं तो? तिनं माझ्यावर विश्वास ठेवला आणि तुझ्यावर चिडली. "माझा भाऊ बावळट," असं शेजारी सांगत सुटली. मी ते ऐकत बसायचो, चहा पीत.

आता मी स्वतःहून कबूल करतोय असं समजू नकोस. तेवढा चांगला मी असतो तर ऑगस्टमध्येच बोललो असतो.

भाऊबीजेला हर्षाली तुमच्याकडे राजगुरुनगरला आली. ओवाळताना डावा हात तू टॉवेलखाली ठेवला होतास, ते तिनं येऊन सांगितलं. पण त्याआधी तिनं दुसरंच विचारलं. तुमच्या फडताळात चौकशीचे कागद होते, मामी आपल्या लेकीला म्हणाल्या म्हणे, "वाच की गं, तू शिकल्याली हायस, आमाला काय कळतंय?" त्यात नखीचा फोटो होता. परत आल्यावर पिशवी खाली ठेवायच्या आत तिनं मला विचारलं, "त्या सोमवारी सकाळी तुमच्या खिशात मी काय घातलं होतं?"

मी म्हटलं, आठवत नाही. ती म्हणाली, "मला आठवतंय."

त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलत नाही. जेवायला वाढते, आप्पांची औषधं देते. ओरडली असती, ताट फेकलं असतं तर बरं झालं असतं. काल संध्याकाळी तिनं टेबलावर वही आणि पेन ठेवलं आणि म्हणाली, "सहा तारखेला चौकशीची शेवटची बैठक. त्याला काढून टाकतील आणि बोटं त्याच्याच चुकीनं गेली असं कायमचं लिहून ठेवतील. तुमच्या अक्षरात पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅप नको, उद्या म्हणाल फोन हरवला होता." पंचवीस दिवसांपूर्वी हे मीच लिहायला हवं होतं. चोवीस दिवस मी ती बोलायची वाट बघत होतो आणि ती माझी.

आज सकाळी माझ्या डोक्यात एक खूळ आलं. म्हटलं, तारा उलट्या लावून देतो, म्हणजे उजव्या हातानं दाबायच्या आणि डाव्याच्या अंगठ्यात नि उरलेल्या बोटांत नखी धरायची. तासाभराचं काम. पान्हा घेऊन उठलो तर हर्षाली मधे उभी राहिली. "तिला हात लावू नका," म्हणाली. एवढंच. मी पान्हा ठेवून दिला.

त्यामुळे गिटार जशी आहे तशी येतेय. ती वाजव, टांगून ठेव, नाहीतर चुलीत घाल, मी विचारणार नाही. माझी नोकरी जाईल, कदाचित पोलिसांत केसही होईल. भीती वाटते, खोटं कशाला बोलू? आप्पांना अजून सांगितलेलं नाही. पण सहा महिने तू जे एकट्यानं सोसलंस त्याच्यापुढे हे काय?

गिटार आणि पत्र दोन्ही हर्षालीच घेऊन येतेय. तिनं कपड्यांची बॅग भरलीय, मोठी. परत कधी येशील विचारलं, तर म्हणाली, "आधी ते पुरं करा." पेनाची टोपी तिच्याच हातात आहे, दारात उभी आहे. गिटार अजून भिंतीवरच आहे, ती तिकडं बघतही नाही.

तर पुरं करतो. वर लिहिलेलं सगळं खरं असून मी ते स्वतःच्या हातानं लिहिलं आहे. 'कोणत्याही दबावाशिवाय' असं लिहायची पद्धत असते. ते मी लिहीत नाही, कारण तुझ्या बहिणीचा दबाव आहे, आणि तो नसता तर हे पत्रही नसतं. दहा जूनला प्रेसचं डावं बटण मी अडकवलं. बाळूनं नाही.

'तुझा दाजी' अशी सही केली तर चौकशीत चालणार नाही. तुझ्याकडेही चालेल असं वाटत नाही. म्हणून पूर्ण नाव लिहितो.

प्रीतम लक्ष्मण गव्हाणे
वय ३६, मेंटेनन्स फिटर
टोकन नंबर ४१७