वेशीतून यायची रीत

धाकट्या,

आशीर्वाद वरती लिहीत नाही. राग उतरला तर शेवटी लिहीन.

काल सभेत "वेस पाडा" म्हणणाऱ्यांत पहिला हात तुझा वर गेला. त्या हातावरची बाहीसुद्धा मीच शिवलेली! वेशीच्या देवडीत वडिलांनी शिलाई मशीन मांडलं, त्यावर आपण दोघे वाढलो. आता शहर गावाला येऊन भिडलं, तू पलीकडच्या नव्या कॉलनीत फ्लॅट घेतलास आणि तुझ्या गाडीला वेस अरुंद झाली.

अरे, अरुंद आहे म्हणून तर रीत पडली. आतून येणाऱ्याला आधी वाट, बाहेरच्याने थांबायचं. बैलगाड्या थांबल्या, ट्रक थांबले. तुमचे लोक तेवढे हॉर्न वाजवतात. वर मला म्हणतोस, "दादा, कॉलनीत गाळा बघू तुमच्यासाठी." परवा तिथे आलो तर फाटकावरच्या पहारेकऱ्याने मलाच विचारलं, "काय काम आहे?" आणि फाटकावर नाव काय, तर 'जुनी वेस'! खरी पाडायची आणि खोटी मिरवायची. लाजा कशा वाटत नाहीत?

मशीन कुठे नेऊ, या काळजीने जेवण जात नाही.

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. तो पहारेकरी फोडून वाचेल, माझ्या अक्षराला चारचौघांत हसेल.

तुझी पँट आखूड करून ठेवली आहे. न्यायला ये, पण गाडी बाहेर ठेवून चालत ये. आणि आतून कुणी येत असेल तर थांब.

आशीर्वाद राहू दे.

तुझा दादा