साल्वियाला ताण

९ फेब्रुवारी
नरखेडहून परतलो. बाबांशी स्पष्ट बोललो. ऑक्टोबरात रिटायर होतोय, त्यानंतर संत्र्याचा बगीचा मी पाहणार. बाबा बराच वेळ संत्रं सोलत बसले. मग म्हणाले की तुह्या हुडकेश्वरच्या घरापुढं एक वाफा कर, कोणतंही झाड लाव, एक उन्हाळा जगवून दाखव. मिरगाले, पावसाच्या तोंडावर, मी येतो, पाहतो. जगलं तर बगीचा तुह्या हाती, नाही तर प्रेमानंदले देतो.
प्रेमानंद म्हणजे माझा चुलतभाऊ. वीस वर्षं त्याच बगीच्यात राबतोय, पण व्हिजन नाही.
'कोणतंही झाड' हे शब्द बाबांचे स्वतःचे आहेत. तारखेसह नोंदवून ठेवतो.

१२ फेब्रुवारी
मोबाइलवर सखोल अभ्यास. निवड झाली. साल्विया. एकदा लावलं की वर्षानुवर्षं फुलतं. कडक ऊन आवडतं. पाणी कमी. लो मेन्टेनन्स. हरणंसुद्धा तोंड लावत नाहीत. लेख इंग्लंडातल्या एका बाईंचा आहे, पण ऊन ते ऊन.
पुष्पलताचं म्हणणं, वांगी लावा, भाजी तरी होईन. पंचवीस वर्षांच्या संसारात हिला माझी झेप कधी कळलीच नाही.

२ मार्च
आठ रोपं आणली. निळ्या फुलांची. नर्सरीवाला म्हणाला की हे थंडीत लावायचं साहेब, आता तर उन्हाळा लागून राहिला. त्याला लेख दाखवला. त्याने रोपं मोजून दिली.
खड्ड्यांसाठी सहाचा अलार्म लावला होता. नऊला उठलो, रविवार होता. खड्डे पुष्पलताने खणले. रांग सरळ येते की नाही ते मी पाहिलं. सुपरव्हिजनशिवाय काम नीट होत नाही.

१९ मार्च
संकल्प: रोज सकाळी पाच मिनिटं पाणी. आज राहिलं. कालही राहिलं. परवा ऑफिसात ऑडिट होतं.

६ एप्रिल
एका रोपाला तुरा आला! बाबांकडे साधा फोन, फोटो जात नाही, म्हणून वर्णन करून सांगितलं. त्याले फळ कोणतं लागते, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, फळ नाही, शोभेचं आहे. पलीकडून फोन कट झाला. नेटवर्क गेलं असावं.

१७ एप्रिल
शेजाऱ्यांच्या बकरीने दोन रोपं बुडासकट खाल्ली. लेखात फक्त हरणांचा उल्लेख आहे. इंग्लंडातल्या बाईंना ईमेल करून कळवलं. तसंही आठ रोपांची दाटीच होत होती. सहा सुटसुटीत दिसतात.

२८ एप्रिल
पारा चव्वेचाळीस. रोपांनी माना टाकल्या. पुष्पलता म्हणते, दोन टाइम पाणी द्या अन् वरतून हिरवी नेट बांधा. नेट बांधली तर साल्वियाला ऊन कसं मिळणार? आणि दोनदा पाणी घालायचं तर लो मेन्टेनन्स कशाला म्हणायचं? बाईंचं उत्तर अजून नाही.

३ मे, सकाळी ७
सापडलं. चहा पिता पिता सापडलं. रक्तात शेती आहे ती उगाच नाही.
ताण! मिरगाचा बहर धरायचा तर भर उन्हाळ्यात संत्र्याचं पाणी तोडतात. झाड सुकतं, पानं टाकतं, आणि पाऊस लागला की फुलांनी लदबदून जातं. बाबा जन्मभर हेच करत आले. साल्वियाला ताण देणारा मी विदर्भातला पहिलाच असेन.
आजपासून नळाला हात न लावण्याचा संकल्प.

१४ मे
संकल्प कडकपणे चालू. एक दिवसही खंड नाही. इतकं सातत्य मला आयुष्यात कधी जमलं नव्हतं.
चार रोपांची पानं गळाली, म्हणजे ताण बसतोय. पुष्पलता तांदळाचं धुवण ओतायला निघाली होती, ऐनवेळी अडवलं. ती म्हणाली, अवो, झाडं मरून राहिली, तुमाले दिसत नाही काय? शांतपणे समजावलं की ती तयारी करत आहेत.

२५ मे
पारा सेहेचाळीस. सहाही रोपं पूर्ण ताणावर. एकाला हात लावला तर काडकन मोडलं. उरलेल्या पाचांना हात न लावण्याचा निर्णय.

५ जून
बाबांचा फोन. परवा पहिल्या एसटीने निघतात. पावसाचा पत्ता नाही. प्रत्येक रोपाला एकेक बादली पाणी दिलं आणि समोर खुर्ची टाकून बसलो. दोन तासांत काहीही फुटलं नाही.

६ जून
माणसाने लवचीक असावं. नर्सरीतून फुलांवर आलेली सहा रोपं आणली. याला बदली म्हणत नाहीत, मजबुतीकरण म्हणतात. ऑफिसला उशीर होत होता, म्हणून वाळलेल्या काड्या उपटून त्यांच्या जागी पिशवीसकटच पुरली. पुष्पलता दारात उभी राहून पाहत होती. ती नुसती पाहत राहिली की मला धास्ती वाटते.

७ जून
बाबा आले. चहाही न घेता वाफ्याशी उकिडवे बसले. मी लेखातली माहिती सांगत होतो. त्यांनी एक रोप दोन बोटांनी धरलं, ते काळ्या पिशवीसकट वर आलं. मग दुसरं. सहाही काढून ओळीने ठेवली.
वाटलं, आता रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खिशातल्या चाकूने पिशव्या फाडल्या, रोपं परत लावली, माती दाबली, पुष्पलताला पाणी मागितलं. एक्याऐंशीचं वय, गुडघे दुखतात. मी हात लावायला गेलो तर म्हणाले, तू राहू दे गा.
मग मी ताणाचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले की ताण मोठ्या झाडाले देतात, ज्याच्या मुळ्या खोल गेल्या त्याले. दोन महिन्यांच्या लेकराले उपाशी ठेवते काय कोणी?
फार लाज वाटली. इथं दुसरं काही लिहिणार होतो, पण लाजच वाटली.

७ जून, संध्याकाळी
बाबांना एसटीवर सोडलं. बगीचा प्रेमानंदला. बरोबरच आहे. पण राहवेना, बस सुटता सुटता विचारलं की मला तिथं काहीच काम नाही का? बाबा पायरीवरच थांबले. म्हणाले की संत्रं पिकायले आलं का वांदरं येतात, हाकलायले माणूस पाहिजे. झाडाले हात लावायचा नाही, पाण्याच्या मोटारीचं बटन दाबायचं नाही.
विचार करून सांगतो, म्हणालो.
म्हणाले, विचारही करू नको गा.
घरी येऊन प्रेमानंदला फोन केला. विचारलं, वांदरं साधारण किती वाजता येतात.