चहाआधीची चूक

सर, गेल्या महिन्यात काकूही गेल्या. आता तुमच्याविषयी वाकडं बोललं तर दुखावलं जाईल असं कोणी उरलं नाही, म्हणून लिहायला बसलो आहे. पाठवायचा प्रश्नच नाही.

दमदम विमानतळाच्या हँगरमध्ये तुमचा एक नेम होता. सकाळी विमानाला हात लावण्याआधी आम्ही सगळे शिकाऊ तुमच्याभोवती उभे राहायचो, आणि काल आपल्या हातून काय चुकलं ते जो सांगेल त्यालाच चहाची खुरी, मातीचा छोटा कप, मिळायची. कोणी इंजिनात फडकं विसरलेला असायचा, कोणी नट ढिला होऊ नये म्हणून पिळतात ती तार उलट्या बाजूने पिळलेली असायची. तुम्ही रागवायचा नाहीत. "बोललास ना, मग विमान पडणार नाही," म्हणायचात आणि खुरी पुढे करायचात. खरं सांगायचं तर निम्म्या चुका चहासाठी रचलेल्या असायच्या. चहावाल्यालासुद्धा ते ठाऊक होतं, तुम्हाला तेवढं नव्हतं.

मी मात्र गप्प उभा. एकेक नट मी दोनदा तपासायचो, त्यामुळे माझं चुकायचंच कमी, आणि खोटी चूक सांगायला जीभ रेटत नव्हती. "ओर तो भूलई होय ना, स्यार," याची चूक म्हणून होतच नाही, असं पोरं बंगालीत म्हणून हसायची. तुम्ही हसत नव्हतात. इतरांशी हिंदीत बोलणारे तुम्ही एकदा मला बाजूला घेऊन मराठीत म्हणालात, "अरे, ज्याचं काहीच चुकत नाही तो एकतर काम करत नाही, नाहीतर लपवतो. तू काम करतोस, हे मी बघतो." पुढचं तुम्ही बोलला नाहीत. मला ते कळलं होतं.

त्या वर्षी आपली पंख्याची जुनी विमानं एकेक करून मोडीत निघत होती. जेटवर हात बसला नाही तर आपणही त्यांच्याबरोबर मोडीत, ही धास्ती सगळ्यांनाच होती. तशात एस्प्लनेडच्या एका हॉटेलात आखातातल्या विमान कंपनीची माणसं उतरली. निवडतील त्यांना जेटचं शिक्षण तेच देणार होते. बाबांची कस्टम्समधली बदली होऊन आम्ही तेव्हा खिदिरपूरला राहत होतो. बाबांचा कोट घालून मी मुलाखतीला गेलो. उत्तरं सगळी आली. आठवड्याने माझ्या सोबत्यांना बोलावणी आली, मला नाही. तुमच्याकडे आलो तेव्हा तुम्ही मान वर न करता म्हणालात, "थांब अजून वर्षभर. घाई काय आहे?" घाई होती, सर. ते लोक पुन्हा कधी आलेच नाहीत.

पुढच्या हिवाळ्यात तुमच्या छातीचं दुखणं सुरू झालं. एका रविवारी काकूंनी थालीपीठ खायला बोलावलं. मी स्वयंपाकघरात पाटावर बसलो आहे, काकू तव्याशी, आणि तुम्ही समोरच्या चहाला हात न लावता नुसते बसला आहात. मग म्हणता, "माझी एक चूक सांगायची राहिली आहे. हा मुलगा चूक कबूल करील का, असं त्या लोकांनी मला विचारलं. मी म्हटलं, सांगता येत नाही. तुझं काम रोज डोळ्यांनी बघत होतो रे, तरी म्हटलं." काकूंचा हात थांबला. "असू द्या, सर," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? तुम्ही कप उचललात आणि एका दमात रिकामा केलात. तुम्हाला हलकं वाटलं असेल. माझं थालीपीठ ताटात तसंच राहिलं. उन्हाळ्यात तुम्ही गेलात.

मी दमदमलाच राहिलो. जेटवर पोचलो, पण उशिरा, माझ्यापेक्षा लहान माणसांच्या हाताखाली. मग शिकवणं नशिबी आलं, ते निवृत्तीनंतरही सुटलं नाही. दमलो आता. हात तयार झाला की पोरं निघून जातात, आणि मी नव्या तुकडीला पुन्हा नट ओळखायला शिकवतो. तुमचा नेम मी ठेवला नाही. माझ्या वर्गात चहा सगळ्यांना मिळतो, बोलणाऱ्यालाही आणि मुक्यालाही.

मागच्या तुकडीत एक अबोल मुलगी होती. परदेशी कंपनीने तिच्याबद्दल विचारलं, तेव्हा त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हटलं. जाताना ती संदेश मिठाईचा खोका घेऊन पाया पडायला आली. "तुमच्यासाठी कोणी केलं नाही ते तुम्ही तिच्यासाठी केलंत," बायको म्हणाली. ऐकायला बरं वाटलं. पण तो खोका मी उघडला नाही. मला आनंद झाला नव्हता, सर. पोटच्या पोरीपेक्षा लहान मुलीचा हेवा वाटला होता.